सावडीची मुलं

“घंटा वाजवल्याशिवाय तोंडात घास घालू नकोस, बासिलिया. एक पोर आलं तरी वाजव. कुणीच आलं नाही तरी वाजव.”

आनाक्लेतो गुरुजींनी हे मला खाटेवर पडल्यापडल्या सांगितलं. धाप लागली होती, तरी ‘कुणीच आलं नाही तरी’ हे शब्द ते दोनदा बोलले. आमच्या गावी, वायलापातात, त्यांनी एकवीस वर्षं शिकवलं. चाळिशी उलटल्यावर मला अक्षरओळख करून दिली तीही त्यांनीच. शेवटी त्यांनी आणखी एक मागितलं. “त्या खिंडीतून एकटं पोर जाऊ द्यायचं नाही. आणि खिंडीच्या भीतीनं घरीही बसू द्यायचं नाही. शब्द दे.”

मी दिला. खरं तर मागायची गरज नव्हती.

खिंडीच्या पलीकडे पुकारा हे मोठं गाव. मी लहान असताना शाळा फक्त तिथे होती. माझी धाकटी बहीण मार्सेलिना, नऊ वर्षांची, एका ऑक्टोबरात शाळेतून परतताना गारांच्या माऱ्यात सापडली आणि खिंडीतच राहिली. त्या दिवशी मी घरी होते, मेंढरांना खरूज झाली होती म्हणून. दुसऱ्या सकाळी ती सापडली, तेव्हा तिनं वही स्वेटरच्या आत पोटाशी धरलेली होती. वही कोरडी निघाली. बापानं मला पुन्हा शाळेत पाठवलं नाही, आणि आली होती ती चार अक्षरंही पुसली गेली. पुढच्या वर्षी गावानं मातीच्या विटा पाडल्या आणि स्वतःची शाळा उभी केली. सरकारनं त्यावर पत्रे दिले आणि दारावर आपलं नाव रंगवलं.

आमच्याकडे दर वर्षी एका घरावर शाळेची पाळी येते. झाडलोट करायची, मुलांना सकाळचं सूप रांधायचं, मास्तराची चूल बघायची, घंटा वाजवायची. घंटा म्हणजे लॉरीच्या चाकाची लोखंडी रिम, दाराबाहेरच्या खांबाला टांगलेली. यंदा पाळी माझी. ‘विधवा आहेस, तुला सोडतो,’ पंच म्हणाले. मी म्हटलं, नको. तेव्हापासून रोज पहाटे मामिता मारियापुढे, म्हणजे आमच्या मेरीमातेपुढे, मेणबत्ती लावते, जपमाळ ओढते, मग घंटा वाजवते, मग खाते. एकही दिवस चुकला नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. एक बाजू न चुकता चालू होती, एवढंच नोंदवून ठेवते.

दुसरी बाजू कशी चालली तेही सांगते.

गुरुजी नोव्हेंबरात गेले. फेब्रुवारीत नवा मास्तर आला. मंगळवारी दुपारी यायचा, गुरुवारी सकाळी जायचा आणि हजेरीपुस्तकात पाचही दिवसांच्या सह्या करायचा. मे महिन्यात दाढ दुखते म्हणून गेला तो गेलाच. दाढ अजून दुखत असावी. तेव्हा आमची मुलं होती चौदा. ज्यांचे नातेवाईक शहरात होते त्यांनी आपापली तिकडे पाठवली, कुणी काकाकडे, कुणी भांडी घासायला. राहिली सात. आम्ही कचेरीत मास्तर मागायला गेलो, तर म्हणाले, सात मुलांना मास्तर कसा द्यायचा?

मास्तर नाही म्हणून मुलं गेली, मुलं गेली म्हणून मास्तर नाही. राग हे पाप आहे, असं आमचे पाद्री सांगतात. ते वर्षातून दोनदा येतात. यंदा आले की मी त्यांना विचारणार आहे, कुणाचं?

जूनपासून मुलांना मीच वाचायला बसवू लागले. मला जेवढं येतं तेवढं. सातांत सगळ्यात पुढे योसेलिन, आठ वर्षांची. तिच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता होते, म्हणून तिची आई नेमेसिया आणि मी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. योसेलिननं मेपर्यंतचं पुस्तक संपवलं आणि मला विचारलं, “बासिलिया आज्जी, याच्या पुढचं पुस्तक कुणाकडे आहे?” माझ्याकडे नव्हतं. मला त्याच्या पुढचं येतही नव्हतं.

ऑगस्टात कागद आला. कचेरीतले साहेब मुलं मोजायला येणार. बारापेक्षा कमी भरली तर शाळा बंद, मुलं पुकाराला. सोमवारी आमच्याकडे, बुधवारी ओढ्याखालच्या पाल्कोमाला. पाल्कोमा आमच्यापासून तासाभरावर. त्यांची कथा तीच, फक्त मुलं आठ.

शुक्रवारी पाल्कोमाचे म्होरके, ताता हुस्तिनो, कोकाच्या पानांची पुरचुंडी घेऊन माझ्या दारात आले. म्हातारा माणूस, पण डोळे पोरासारखे.

“तुझी सात, माझी आठ,” ते म्हणाले. “सोमवारी माझी आठ तुझ्याकडे. बुधवारी तुझी सात माझ्याकडे. आयनी.”

आयनी म्हणजे सावड. तिच्याशिवाय आमच्या डोंगरात एक बटाटा जमिनीतून निघायचा नाही. आज तुझे बैल माझ्या वावरात, उद्या माझे हात तुझ्या घराच्या शाकारणीला. लिहून ठेवत नाहीत आणि विसरतही नाहीत.

“ताता, पण हे खोटं होईल ना?”

“कुठे खोटं? मुलं खरी, शाळा खरी, मोजणारा खरा. बैल उसना आणला म्हणून नांगरट खोटी होते का?”

“आणि सात देऊन आठ कशी फिटायची?”

“आठवा मी येतो. दाढी करून येतो.” ते स्वतःच खूप हसले. मग हसू थांबवून म्हणाले, “बाई, माझ्या घरात चार नातवंडं आहेत. मला आता खोट्याखऱ्याचं सांगू नकोस. पानं घे.”

मी पानं घेतली. आमच्यात पानं घेतली की शब्द झाला. रात्री मामिताची क्षमा मागितली. तिनं ना हो म्हटलं ना नाही. तिचं नेहमीच तसं असतं.

सोमवारी पाल्कोमाची आठ मुलं उजाडताच ओढ्याच्या काठाकाठानं आली, केस ओले करून विंचरलेली. मी घंटा वाजवली. दहाच्या सुमारास साहेबांची पांढरी जीप नदीच्या कोरड्या पात्रातून वर आली. साहेबांचं नाव बियेगास. वयानं तरुण, बोलायला गोड. त्यांनी पंधरा डोकी मोजली आणि कागदावर खूण केली. योसेलिनला वाचायला लावलं. ती एकही शब्द न अडखळता वाचत गेली, पान संपलं तरी थांबेना, पाठ असलेलंही म्हणून दाखवू लागली.

“शाब्बास, शाब्बास,” साहेब म्हणाले आणि मोबाइलात बघू लागले.

मी त्यांना चुन्योचं, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेल्या बटाट्याचं, सूप वाढलं. बटाटा चांगला गोठलेला होता यंदा, वर वाळवलेलं मांस घातलं होतं. साहेबांनी दोनदा घेतलं. खाताखाता कागद उलटत म्हणाले, “इथे तर लिहिलंय, पुकारा चालत चाळीस मिनिटांवर. जवळच आहे की.”

“कुणाच्या पायांनी, साहेब?”

“नकाशावरून मोजतात, दोन्या.” शहरातले लोक बाईला मानानं असं म्हणतात.

“आम्हाला पावणेतीन तास लागतात. मुलांना त्याहून जास्त.”

“हं,” ते म्हणाले आणि मीठ मागितलं.

आणि मग मी ते केलं. सावडीला आलेला जीव आमच्याकडे रिकाम्या अंगानं परत पाठवत नाहीत. बैल असला तर शिंगांना, लामा असला तर कानाला, माणूस असलं तर मनगटाला रंगीत लोकर बांधून, ‘तुझं सुख असो’ म्हणून निरोप द्यायचा. ती लोकर काढायची नसते, आपली आपण झिजून पडायची असते. माझ्या आईनं बांधली, तिच्या आईनं बांधली. मी उन्हाळ्यातच गुलाबी लोकर कातून ठेवली होती. पाल्कोमाची पोरं निघताना रांगेनं माझ्यापुढे मनगटं धरून उभी राहिली, कारण तीही याच डोंगरातली. मी एकेकाला बांधत गेले. हात आपोआप चालतो, डोकं त्यात नसतंच.

साहेब उंबऱ्यावर चहा पीत होते. “हे काय?” त्यांनी विचारलं.

“आशीर्वाद आहे, साहेब.”

“मग मला नाही का?” म्हणून हसत त्यांनी हात पुढे केला. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मी त्यांनाही बांधली. तिहेरी गाठ मारली, माझी गाठ सुटत नाही.

तुम्हाला आत्ताच कळलं असेल. मला बुधवारपर्यंत कळलं नाही. आमच्या गावात कुणालाच कळलं नाही. नेमेसियानं तर म्हटलंही, “छान झालं हो कोमाद्रे, साहेबाला बांधलीस, आता तो आपला झाला.”

बुधवारी मी आमची सात घेऊन पाल्कोमाला गेले. पंधरा डोकी पुन्हा रांगेत. साहेबांनी मोजलं, कागद मांडीवर घेतला, लेखणी उघडली. लिहायला हात पुढे केला तशी बाही वर सरकली. त्यांनी आपल्या मनगटावरची गुलाबी लोकर पाहिली. मग समोरच्या रांगेत पहिल्या पोराचं मनगट. मग दुसऱ्याचं.

“हात वर करा,” ते म्हणाले.

पोरांनी केले. आठ मनगटांवर गुलाबी लोकर.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहिताना दोनदा उठून पाणी प्यायले. त्या माणसानं एकाही मुलाला ओळखलं नव्हतं. योसेलिननं दोन दिवसांपूर्वी त्याच्यासमोर उभं राहून पानभर वाचलं होतं. बुधवारीही ती पहिल्या रांगेत त्याच्यासमोरच होती, ओळख दाखवून हसत होती. त्यानं तिला पाहिलं आणि कोरी नजर पुढे नेली. आमची पंधराच्या पंधरा तोंडं त्याला सारखी होती. ओळखली ती लोकर.

साहेब आधी मोठ्यानं हसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग मोबाइल काढून वर केलेल्या हातांचा फोटो घेतला. मुलांना वाटलं कौतुकाचा फोटो, त्यांनी हात आणखी ताणले.

“खोटी हजेरी,” ते म्हणाले. “दोन्ही शाळांची. दोन्ही बंद.”

ताता हुस्तिनो पुढे झाले. “साहेब, सावड आहे ही. आमच्यात—”

“तुमच्यात काय ते तुमच्यात ठेवा, ताता. मला वर उत्तर द्यावं लागतं.”

मी मोठ्यानं बोलत नाही. सवय नाही. म्हणून अगदी जवळ जाऊन उभी राहिले. “साहेब, सोमवारी तुम्ही पंधरा मोजली?”

“मोजली.”

“आज?”

“पंधरा. तीच पंधरा!”

“म्हणजे पंधरा मुलं आहेत. बारा लागतात, पंधरा आहेत. तुम्हीच दोनदा मोजलीत. आम्हाला दोन मास्तर नकोत, एक द्या. दोन गावांच्या मध्ये ओढ्याकाठी सपाटी आहे, पावसाच्या आत तिथे भिंती उभ्या करतो. पत्रे इथले काढून तिथे नेऊ.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, विचार करतायत. मग म्हणाले, “दोन्या, तो प्रश्न आता राहिलाच नाही. आता फसवणुकीचा प्रश्न आहे.”

“तीन दिवस येऊन पाच दिवसांच्या सह्या करणाऱ्या मास्तराचा फोटो काढला होता का कुणी?”

“त्याची वेगळी चौकशी आहे.”

“कधी?”

“तुमची तक्रार असेल तर अर्ज करा.”

“कुठे?”

“पुकारात.”

“मग चला,” मी म्हटलं. “बरोबरच जाऊ, खिंडीतून. चाळीस मिनिटं तर लागतात.”

साहेबांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. तपकिरी, निमुळते, पॉलिश केलेले. मागे कुणीतरी बाई फिसकन हसली. साहेब जीपमध्ये बसले. ड्रायव्हर गाडी वळवत होता तेव्हा ते दातांनी मनगटावरची गाठ सोडवायला बघत होते. सुटली नाही.

शनिवारी कचेरीचा माणूस येऊन शाळेला कुलूप लावून गेला. आत पुस्तकं होती, फळा होता, गुरुजींची खुर्ची होती. कशाची यादीसुद्धा केली नाही.

नेमेसिया त्याच दुपारी माझ्या अंगणात आली. बसली नाही.

“मोठी देवाधर्माची! सगळ्या गावाचे उपास हीच करणार, सगळ्यांचे दिवे हीच लावणार. आणि चार बोटं लोकरीनं शाळा घालवलीस, कोमाद्रे! साहेबालाही बांधायची काय हौस आली होती?”

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“चुकलं म्हणे! चुकलं म्हणून कुलूप निघतं का?”

“नाही निघत.”

मी भांडत नाही म्हटल्यावर ती आणखीच चिडली, आणि मग एकदम रडू लागली. शालीचं टोक तोंडात धरून. मग म्हणाली, “माझी पोर त्या खिंडीत पाऊल टाकायची नाही. तुझी बहीण माझ्या आईनं उचलून आणली होती, मला माहीत आहे सगळं. योसेलिन मेंढरं राखील.”

“मीही राखली मेंढरं.”

“मग काय बिघडलं तुझं?”

“चाळीस वर्षं कागद उलटा धरला, कोमाद्रे. लोक हसायचे, ते का हसतात तेही कळायचं नाही. नवऱ्याचं शहराच्या इस्पितळातून पत्र आलं, ते एक महिना पेटीत ठेवलं. वाचणारा भेटला तेव्हा तो गेलेला होता.”

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

“नेणार कोण पोरांना?” तिनं विचारलं.

“मी.”

“तू? त्रेसष्ट वर्षांची? तुझा गुडघा?”

“गुडघ्याचं मी मामिताशी बोलेन.”

ती रडतारडता हसली. “मामिता दमून जाईल तुझ्यापायी. आणि नेऊन सोडशील, मग?”

“सुटेपर्यंत शाळेच्या भिंतीशी बसेन. लोकर कातीन. संध्याकाळी परत आणीन.”

“गुलाबी कातू नकोस म्हणजे झालं,” ती म्हणाली आणि निघून गेली. पोर पाठवीन म्हणाली नाही, पाठवणार नाही असंही म्हणाली नाही.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. हे ऐकून ‘काय गुणाची बाई’ असं कुणी म्हणू नये. चर्चच्या बायका म्हणू लागल्याच आहेत, आणि मला ते चाबकासारखं लागतं. जिथे शाळा होती तिथे कुलूप आहे, म्हणून एका म्हातारीला डोंगर चढायचा आहे. यात पुण्य कुठलं? ऑक्टोबरात गारा पडतील. नोव्हेंबरात पाऊस. माझा गुडघा एक वर्ष टिकेल, फार तर दोन. त्यानंतर नकाशावरून मोजणाऱ्या माणसांनी सांगावं काय करायचं ते. मी अर्ज लिहिला आहे. पुकाराच्या कचेरीत रोज देणार आहे, रोज तोच, माझ्या हातानं लिहिलेला, वर पंधरा मुलांची नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याला कशावरून ओळखायचं ते. योसेलिनपुढे लिहिलं आहे : डाव्या भुवईवर व्रण, न थांबता वाचते.

आज सोमवार. मेणबत्ती लावली, जपमाळ ओढली. बाहेर सगळं गवत दहिवरानं पांढरं झालं होतं. कुलूप लावलेल्या दाराशी जाऊन मी लोखंडी बोल्टनं रिम वाजवली. लोखंड इतकं गार होतं की बोल्ट हाताला चिकटला. मग तिथेच उभ्यानं दोन उकडलेले चुन्यो खाल्ले.

पाल्कोमाची पाच पोरं ओढ्याकडून आली, त्यांना पोचवायला ताता हुस्तिनो स्वतः आले. दाढी खरंच केली होती. “माझी आठवी फेड राहिलीय,” ते म्हणाले. “गुरुवारी आणि शुक्रवारी मी नेतो. तू बस घरी गुडघा शेकत.” मी मान हलवली. आमची तीन आली. चौथी येईना. सूर्य खिंडीच्या खांद्याला लागला, तरी मी थांबले.

मग नेमेसियाचं दार वाजलं. योसेलिन धावत आली, दोन स्वेटर, कानटोपी, तोंडात घास. मागे दारात नेमेसिया उभी होती, शाल डोक्यावर ओढून. ती पुढे आली नाही.

योसेलिननं वही स्वेटरच्या आत पोटाशी खुपसली होती. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

“दे ती इकडे,” मी म्हटलं. वही माझ्या गाठोड्यात अर्जाशेजारी बांधली. “हात मोकळे ठेव. चढावर लागतात.”

सगळ्यांना पुढे घातलं, लहान मध्ये, मोठी कडेला, आणि शेवटी मी चालू लागले.